लघवीतलं कॅल्शियम, पाळी गेल्यानंतरची हाडं आणि अहवालातला न वाचलेला आकडा

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४, वजन ५८ किलो, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी) मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.३ आणि खुब्याचा उणे १.६ आला. चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम ३१८ मिलिग्रॅम निघालं आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'जास्त' असं छापलेलं आहे. रोज कॅल्शियमच्या ५०० च्या दोन गोळ्या आणि दर रविवारी डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी, असं दीड वर्ष चालू आहे. घरातले एकजण म्हणतात, सगळं कॅल्शियम वाहून जातंय, गोळ्या बंद कर, नाहीतर मुतखडा होईल. औषधाच्या दुकानात बोरॉन आणि मॅग्नेशियम असलेली वेगळी गोळी सुचवली आहे. "माझी हाडं लघवीतून चालली आहेत का?"

ताई, या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. आणि मुळात तो आकडाच मला बरोबर वाटत नाही.

अहवालाचा जो फोटो तुम्ही पाठवला आहे, त्यात कॅल्शियमच्या खाली तीन ओळी सोडून क्रिएटिनिन लिहिलंय: १,४२० मिलिग्रॅम. त्याच्यापुढे 'जास्त' लिहिलेलं नाही, म्हणून तिकडे कुणी पाहिलं नाही. मी मात्र पहिल्यांदा तिथेच पाहते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि रोज जवळपास तेवढंच बाहेर पडतं. बाईच्या बाबतीत किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, वय वाढलं की त्याहून थोडं कमी. ५८ किलोला ते ८७० ते ११६० च्या आसपास बसायला हवं. तुमचं किलोमागे साडेचोवीस येतंय. याचा बहुधा एकच अर्थ होतो, की लघवी साठवायच्या कॅनमध्ये चोवीस तासांपेक्षा जास्त वेळाची लघवी गेली आहे.

असं कसं होतं ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे. पहिल्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या जी लघवी होते, ती टाकून द्यायची असते. ती रात्रभराची, म्हणजे आदल्या दिवसाची. घड्याळ तिथून सुरू करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला झालेली पहिली लघवी मात्र कॅनमध्ये घ्यायची. बहुतेक जणी दोन्ही सकाळची घेतात, कारण कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मग चोवीसचे बत्तीस तास होतात. तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल तर ३१८ ला ३२ ने भागून २४ ने गुणा, २३८ येतात. क्रिएटिनिन त्याच हिशोबाने १,०६५ होतं, म्हणजे किलोमागे १८, अगदी जागेवर. बायकांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा सहसा २५० धरतात, किंवा किलोमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी २३२. तेव्हा तुम्ही काठावर आहात. 'जास्त' आणि 'काठावर' यांत रात्रीची झोप जाण्याइतका फरक आहे, म्हणून हे एवढं फोडून सांगितलं.

उलटी चूकही होते. कॅल्शियमसाठीच्या कॅनमध्ये तळाशी थोडं आम्ल घातलेलं असतं, ते क्षार तळाला बसू नयेत म्हणून. माझ्या एका पेशंटने कॅन घरी नेल्यावर "आत काहीतरी घाण पाणी राहिलंय" म्हणून साबणाने स्वच्छ धुतला. कॅल्शियम आलं ६०. पुन्हा केलं तेव्हा १७०. ते आम्ल ओतायचं नाही, अंगावर उडू द्यायचं नाही, आणि कॅनमध्ये थेट बसून लघवी करायची नाही. आधी भांड्यात घ्यायची, मग ओतायची.

आता मूळ शंकेकडे येऊ. लघवीतलं कॅल्शियम हाडांतून येतं का? काही अंशी हो. पण किती, याचा हिशोब एकदा कागदावर मांडला की बराच गोंधळ संपतो. मोठ्या बाईच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत. वर्षाला हाडांतलं एक टक्का कॅल्शियम गेलं, तर ते झालं दहा ग्रॅम. ३६५ ने भागा: रोजचे सत्तावीस मिलिग्रॅम. बस्स, एवढंच. पाळी जाण्याच्या आधीचं एखादं वर्ष आणि नंतरची पाच-सात वर्षं मणक्याची घनता वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपासही घसरते, पण संपूर्ण सांगाड्याचा विचार केला तरी रोजची गळती काही थोड्या डझन मिलिग्रॅमांचीच. आणि तुमची लघवी आज १८०, उद्या २३० दाखवू शकते, फक्त काल लोणचं जास्त खाल्लं म्हणून. म्हणजे जी चोरी शोधायची, तिच्यापेक्षा रोजचा चढउतार मोठा. त्यामुळे एका दिवसाच्या लघवीवरून हाड किती झिजतंय हे सांगता येत नाही, कुणीही सांगू नये.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मूत्रपिंड रोज जवळजवळ दहा ग्रॅम कॅल्शियम गाळतं आणि त्यातलं ९८ टक्के परत आत ओढून घेतं. उरलेले दोन टक्के म्हणजे तुमचे दोनशे मिलिग्रॅम. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असतं तोवर हाड कुरतडणाऱ्या पेशींवर लगाम असतो, आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जातं आणि मूत्रपिंडही ते घट्ट धरून ठेवतं. पाळी गेली की तिन्ही ठिकाणी पकड एकाच वेळी सैल होते. प्रत्येक ठिकाणचा फरक लहान असतो, पण तो रोज, वर्षानुवर्षं चालतो.

हे कळायला वेळ लागला. १९४१ मध्ये बोस्टनला फुलर अल्ब्राइट यांनी प्रथम ठामपणे मांडलं, की कमी वयात मणके दबलेल्या बायकांमध्ये बहुतेकींची पाळी गेलेली आहे. त्यांना वाटलं होतं की नवं हाड तयार होणं थांबतं. पुढे कळलं, की जुनं हाड फार वेगाने खाल्लं जातं. ते कळण्यात लघवीचा मोठा वाटा आहे. आधी इंग्लंडात लीड्सला आणि नंतर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला काम केलेले क्रिस्टोफर नॉर्डिन यांची युक्ती मला आजही आवडते. रात्रभर उपाशी राहिलं की आतड्यातून येणारं कॅल्शियम जवळपास थांबतं. मग सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, थोडं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी दुसरा नमुना घ्यायचा. त्यात जे कॅल्शियम सापडेल ते जेवणातलं नाही, हाडातून सुटून आलेलं आहे. त्याला त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनने भागायचं. पाळी गेलेल्या बायकांत हा भागाकार वाढलेला दिसतो आणि इस्ट्रोजेन दिलं की खाली येतो. कॅन नको, बत्तीस तासांचा घोळ नको. गटाचा अभ्यास करायला हे उत्तम साधन होतं. एका बाईचं निदान करायला मात्र ते पुरेसं धारदार नाही, कारण मीठ, मूत्रपिंड, औषधं सगळी त्यात लुडबुड करतात.

मग चोवीस तासांची लघवी करायचीच कशाला? मी ती करते हाडांच्या झिजेमागे दुसरं काही दडलंय का हे शोधायला. फार कमी आणि फार जास्त, ही दोन टोकं मला हवी असतात.

आपल्याकडे मला कमी असलेल्या बायकाच जास्त दिसतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष जास्त होतं, कारण 'कमी वाहतंय म्हणजे चांगलंच' असं वाटतं. तीन-चार वर्षांपूर्वी सातारा भागातून एक ६१ वर्षांच्या बाई आल्या. दाराच्या चौकटीला धरून, दोन्ही बाजूंना झुलत आत आल्या. खाली बसल्या की मांडीला हात लावून उठायच्या. डेक्सात टी-स्कोर उणे ३.४. कुठेतरी त्यांना थेट हाडांसाठीचं वर्षातून एकदाचं इंजेक्शन, झोलेड्रोनिक ॲसिड, देऊन टाकलं होतं. चौथ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या, बोटं वळायला लागली. माझ्याकडे आल्यावर डी जीवनसत्त्व पाहिलं तर ६, म्हणजे फारच कमी, अल्कलाइन फॉस्फटेज (हाड मऊ झालं की रक्तात वाढतं ते) दुपटीच्या वर, आणि चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम ३८ मिलिग्रॅम. त्यांचं हाड नुसतं पातळ नव्हतं, मऊ होतं. शरीरात कॅल्शियमच नव्हतं, म्हणून मूत्रपिंड थेंबन् थेंब वाचवत होतं. अशा वेळी हाडातून कॅल्शियम सुटण्याचा दरवाजा इंजेक्शनने बंद केला की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. साध्या तपासण्यांनी हे आधी कळलं असतं. सहा महिने कॅल्शियम आणि डी दिल्यावर त्या जिना चढून आल्या. डेक्साचा आकडाही कुठलंही हाडांचं खास औषध न घेता बराच वर आला. डेक्साला हाड पातळ आहे की मऊ, हे ओळखता येत नाही, हे तपासणी लिहून देणाऱ्यांनी आणि करून घेणाऱ्यांनी दोघांनीही लक्षात ठेवलं पाहिजे.

दुसरं टोक, खरोखर जास्त. त्यात मी पॅराथायरॉइड ग्रंथीचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथीचा, विचार करते. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं आणि पॅराथायरॉइड हार्मोनही चढलेलं असेल, तर गोळ्या कमी-जास्त करून उपयोग नाही, ग्रंथीकडेच पाहावं लागतं. यात एक अपवाद असतो. काही घराण्यांत रक्तातलं कॅल्शियम जन्मापासूनच थोडं वर असतं आणि लघवीत मात्र फार कमी उतरतं. त्यांना ऑपरेशनची गरज नसते. हा फरक ओळखायला लघवीच लागते. एरवी लघवीत जास्त कॅल्शियम सापडण्याची कारणं घरगुतीच निघतात: गरजेपेक्षा जास्त गोळ्या, वर्षभर न थांबलेल्या डीच्या पुड्या, सूज उतरवण्यासाठीचं फ्युरोसेमाइड, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेली स्टिरॉइड्स. आणि मीठ.

मिठाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हे हातातलं आहे. मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियम एकाच वाटेने फिरतात. साधारण सहा ग्रॅम मीठ बाहेर पडताना चाळीसएक मिलिग्रॅम कॅल्शियम सोबत घेऊन जातं. वर काढलेले रोजचे सत्तावीस मिलिग्रॅम आठवा, म्हणजे या चाळिसाचं वजन कळेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्या घरात भाजी-आमटीतलं मीठ मोजलं जातं, पण पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, सांडगी मिरची, चहाबरोबरची खारी बिस्किटं मोजली जात नाहीत. तुमच्या अहवालात सोडियम केलेलं नाही. पुढच्या वेळी त्याच कॅनमधून करून घ्या, नवीन काही द्यावं लागत नाही. सोडियम १७० मिलिमोलच्या आसपास आलं तर समजा की दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात जातंय.

हाड झिजण्याचा वेग पाहायचाच असेल तर आज त्यासाठी वेगळ्या खुणा आहेत, आणि त्या खनिजाच्या नाहीत, हाडातल्या प्रथिनाच्या आहेत. पूर्वी लघवीत हायड्रॉक्सिप्रोलिन मोजायचे, पण मांसाहार केला की तेही वाढायचं. मग लघवीतलं एनटीएक्स आलं. आता हाड झिजताना रक्तात सुटणारं सीटीएक्स आणि नवं हाड तयार होताना सुटणारं पी१एनपी, या दोन्ही वापरतात. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यायचं. नाश्ता करून गेलात तर ते खाली दिसतं. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर त्या गोळीमुळे सीटीएक्स आणि पॅराथायरॉइड हार्मोन खोटे कमी येतात, आणि डी जीवनसत्त्व खोटं जास्त. ही गोष्ट प्रयोगशाळेत विचारत नाहीत आणि पेशंटही सांगत नाहीत, कारण 'ती केसांची आहे, औषध नव्हे' असं वाटतं. मी स्वतः सीटीएक्स निदानासाठी करत नाही. औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांनी ते खाली आलं का, म्हणजे गोळी पोटात जातेय आणि लागू पडतेय का, हे पाहायला करते. हाड मोडल्यानंतर काही महिने या खुणा वाढलेल्याच राहतात, तेव्हा त्या काळात करून घाबरू नका.

बोरॉनची कथा मजबूत वाटते, पण ती अर्धीच सांगितली जाते. १९८७ मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या ग्रँड फोर्क्सला फॉरेस्ट नील्सन आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या बारा बायकांना रोज ३ मिलिग्रॅम बोरॉन दिलं आणि लघवीतलं कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी झालेलं त्यांना दिसलं. तिथून बोरॉन गोळ्यांत शिरलं. पण बारा बायका, तेही ठरवून दिलेल्या आहारावर, आणि मोजलं ते लघवीतलं खनिज. नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम सगळीकडे तसाच दिसला नाही, आणि बोरॉनने हाड मोडणं टळतं हे सिद्ध झालेलं नाही. आताच आपण पाहिलं की लघवीतला आकडा खाली येणं म्हणजे हाड वाचणं नव्हे. शेंगदाणे, मनुका, डाळी, फळं यांतून बोरॉन मिळतंच. त्यासाठी वेगळी गोळी घेऊ नका. मॅग्नेशियमचं थोडं वेगळं आहे: ॲसिडिटीची पँटोप्रॅझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते खरोखर कमी होऊ शकतं, आणि मग कॅल्शियमही नीट राहत नाही. तशी गोळी तुम्ही घेत असाल तर रक्तातलं मॅग्नेशियम तपासून घ्या. घेत नसाल तर हा विषय सोडून द्या.

फॉस्फरसचं नाव सहसा कुणी घेत नाही. पाळी जाण्याच्या काळात फार रक्तस्राव झाल्यामुळे ज्यांना शिरेतून लोहाची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यावी लागली, त्यांच्यात काही प्रकारच्या लोहामुळे लघवीतून फॉस्फेट वाहून जातं आणि हाडं दुखायला लागतात. तुम्हाला तसं काही झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि ही ओळ यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांसाठी: तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. फ्लोराइड हाडात बसलं की डेक्साला हाड दाट दिसतं, टी-स्कोर छान येतो, पण ते हाड ठिसूळच असतं. पाठ ताठरलेली, मान वळत नाही आणि डेक्सा मात्र उत्तम, असं असेल तर तो अहवाल बाजूला ठेवून आधी पाण्याची तपासणी करा.

आता तुमचं. दोन कॅल्शियमच्या गोळ्यांचे हजार मिलिग्रॅम. त्यावर तुम्ही लिहिलेलं दोन कप दूध, वाटीभर दही आणि आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. आहारातून तुम्हाला सातशेच्या जवळपास मिळतंय. एकूण सतराशे झाले. पाळी गेलेल्या बाईसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस १२०० ची आहे. म्हणजे गोळ्या बंद करायच्या नाहीत, दोनाची एक करायची, तीही दुपारच्या जेवणासोबत. जेवणासोबत घेतली की ती चांगली शोषली जाते आणि जेवणातल्या ऑक्झलेटला, ज्यापासून मुतखडे बनतात, आतड्यातच बांधून ठेवते. मुतखड्याची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, हजार मिलिग्रॅम कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त दिसलं. पण तो धोका जास्तीच्या गोळ्यांचा आहे, दूध-दह्याचा नव्हे. दूध सोडू नका.

रविवारची पुडी मात्र आज थांबवा. आठवड्याला ६० हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट होतात. ती आठ आठवडे घ्यायची असते, दीड वर्ष नव्हे. कुणीतरी चिठ्ठीवर आठवडे लिहायचे राहून गेले असावेत. डी जीवनसत्त्वाची पातळी, रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि साधं हिमोग्लोबिन-ईएसआर एवढं करून घ्या. हिमोग्लोबिन-ईएसआर यासाठी, की या वयात रक्तपेशींचा एक कर्करोग हाड पोखरत असला तर पहिली चाहूल तिथे लागते. तुमच्यात तसं काही दिसत नाही, पण ही तपासणी मी कुणाचीच चुकवत नाही.

चोवीस तासांची लघवी लगेच पुन्हा करू नका. गोळी एक करून आणि पुडी थांबवून दोन-तीन महिने जाऊ द्या, मग करा. त्या दिवशी नेहमीसारखंच खा, उगाच पथ्य पाळू नका. तेव्हाही २५० च्या वर आलं आणि मीठही आटोक्यात असेल, तर मूत्रपिंडच कॅल्शियम गळू देतंय असं म्हणता येईल. त्यावर रक्तदाबासाठी वापरतात ती थायझाइड गटाची गोळी उपयोगी पडते, कारण ती लघवीतलं कॅल्शियम कमी करते. ती तुमच्या डॉक्टरांनी सोडियम-पोटॅशियम पाहून द्यायची, स्वतः सुरू करायची नाही.

उणे २.३ हा आकडा ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या अलीकडचा आहे. रेषा उणे २.५ ची. हाडांचं औषध लागेल की नाही हे आणखी काही गोष्टींवर ठरेल, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, उभ्या उभ्या पडून तुमचं मनगट कधी मोडलं का, स्टिरॉइड घेतलं होतं का, आणि लग्नाच्या वेळची उंची आणि आजची उंची यांत किती फरक आहे. शेवटचं आजच मोजा. चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून उभ्या राहा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने खूण करायला कुणाला तरी सांगा. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी भरली तर मणक्याचा आडवा एक्स-रे काढून घ्या. मणका दबलेला निघाला तर टी-स्कोर काहीही असो, औषध सुरू करावं लागेल, आणि तेही डी जीवनसत्त्वाचा अहवाल हातात आल्यावरच. उंची किती भरली ते इथेच लिहा, म्हणजे पुढचं सांगते.